खाटेवरच्या गप्पा

धडगावला बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानापुढे पोरं दाटीवाटीने उभी असतात. फोनमध्ये गाणी भरून घ्यायची असतात. टिमली, होळीची गाणी, लग्नात वाजणारी गाणी. दुकानदार कार्ड खोचतो, निवडलेली गाणी उतरवतो, पैसे घेतो आणि पुढच्याला हाक मारतो. इंटरनेट स्वस्त झाल्यावर हा धंदा बराच उतरला, तरी डोंगरात रेंज येत-जात असते तिथे कार्डातलं गाणंच भरवशाचं. अशा एखाद्या कार्डात गाण्यांचा ढीग सापडतो, मेळ्यातल्या नाचाचे व्हिडिओ सापडतात. घरातल्या म्हातारीचं साधं बोलणं मात्र सापडत नाही. तिचं लग्न कसं ठरलं, सासरचा पहिला पावसाळा कसा गेला, दिराशी बोलणं कशावरून तुटलं आणि कोणत्या निमित्ताने पुन्हा जुळलं, हे तिने दहा वेळा सांगितलेलं असतं. खिशात फोन असलेल्या नातवासमोरच सांगितलेलं असतं. ते टिपून ठेवावं असं कुणाच्या मनात येत नाही, कारण ते रोजचं असतं.

हे प्रकरण त्या रोजच्या बोलण्याविषयी आहे. घरच्या आणि जवळच्या माणसांत सहज चाललेल्या, सगळ्यांच्या देखत आणि सगळ्यांच्या संमतीने टिपलेल्या गप्पांविषयी. सातपुड्याच्या या भागातली गाणी, सण आणि लढे बाहेरच्या माणसांनी टिपले, आणि त्यांतलं काही फार मोलाचं आहे. साधं बोलणं टिपण्याचं काम मात्र घरच्याच माणसाला जमण्यासारखं आहे, असं माझं ठाम मत आहे.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव. तालुक्याच्या उत्तरेला नर्मदा वाहते, तोरणमाळचं पठार याच तालुक्यात येतं. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि तिच्यात ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. अक्राणीत तर हे प्रमाण याहून कितीतरी जास्त. पावरा आणि भिल्ल हे इथले मुख्य समाज. डोंगरातलं गाव एका जागी नसतं, पाड्यापाड्यांत विखुरलेलं असतं. घर आपल्या शेताला धरून उभं, आणि शेजारी जायचं म्हणजे नाला उतरून समोरची टेकडी चढायची. एवढं चालून आलेला माणूस लगेच उठत नाही. खाट ओढली जाते, पाणी येतं, चहा येतो आणि बोलणं लांबत जातं.

घरात पावरी किंवा भिली, शाळेत आणि कचेरीत मराठी, ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातेत गेलं की तिथली भाषा. अशा तीन-चार भाषा एकेका माणसाच्या तोंडात असतात. लिहिणं मात्र मराठीत. घरच्या भाषेत घरच्या माणसाला पत्र लिहिण्याची वेळच या समाजात सहसा आली नाही. पुण्या-नागपूरकडच्या किती घरांत माळ्यावर पत्रांची ट्रंक असते! आजोबांनी नोकरीच्या गावाहून लिहिलेली पत्रं, आत्याचं लग्न ठरतानाची देवाणघेवाण, कुणाची रोजनिशी, कुणाच्या हिशेबाच्या वह्या. त्यांवरून नातवंडांना घराचा इतिहास जुळवता येतो. अक्राणीतल्या घराकडे ती ट्रंक नाही. तिथे घराचा सगळा दस्तऐवज बोलण्यात आहे, आणि बोलणारं माणूस गेलं की त्यातला त्याचा वाटा जातो. म्हणून इथे टिपलेल्या गप्पांचं मोल शहरातल्या घरापेक्षा जास्त आहे.

या बोलण्याची पहिली मोठी नोंद सरकारने केली, आणि ती कशी केली हे पाहण्यासारखं आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. तो भिली आणि खानदेशी बोलींचा. पावरी, मावची, देहवाली अशी आजही नंदुरबारात कानावर पडणारी नावं त्यात आहेत. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून ग्रिअर्सननी सगळीकडे एकच गोष्ट भाषांतरित करून मागवली होती: बायबलमधल्या उधळ्या मुलाची. धाकटा मुलगा बापाकडून वाटा मागून घेतो, परमुलखात सगळं उडवतो, उपाशी परत येतो. बाप त्याला कवटाळतो आणि थोरला भाऊ रुसून बसतो. गोष्ट एकच असली की बोलींची तुलना सोपी जाते, हा हेतू. गंमत अशी की गोष्ट नात्यांचीच आहे. वाटणी, रुसवा, परतणं, सगळं घरोघरी घडणारं. पण ती दुसऱ्याच्या घरची गोष्ट होती. सांगणाऱ्याने आपल्या थोरल्या भावाबद्दल काही सांगितलं नाही, त्याला ते कुणी विचारलंही नाही. अनेक बोलींत दुसरा नमुना म्हणून आरोपीची कोर्टातली जबानी छापलेली दिसते. म्हणजे धर्मग्रंथाचं भाषांतर आणि फौजदारी जबानी, अशा दोन दारांतून कितीतरी बोली पहिल्यांदा कागदावर आल्या.

पुढे १९१३ ते १९२९ या काळात याच सर्वेक्षणाला जोडून ग्रामोफोनच्या तबकड्या काढण्यात आल्या. ९७ भाषा-बोलींच्या २४० च्या वर तबकड्या. आज त्या ऐकता येतात, आणि शंभर वर्षांपूर्वीचा उच्चार कानावर पडला की अंगावर काटा येतो. तरीही तिथे माणूस कर्ण्यापुढे उभा राहून ठरलेला मजकूर म्हणतो आहे. तबकडीत मावायचीच मुळी तीन-चार मिनिटं. त्यात अडखळायला, हसायला, विषय सोडून भलतीकडे जायला जागा नव्हती.

महाराष्ट्रात बायकांच्या तोंडून नात्यांविषयीचं सर्वांत मोठं धन गोळा झालं ते जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावागावांतल्या कार्यकर्त्या बायकांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या पुष्कळ गळ्यासकट टिपल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. सासू, भाऊ, लेक, नवरा, सवत; बाईने कुणालाच सोडलेलं नाही. तिथे गाणाऱ्यांना विचारणाऱ्याही खेड्यातल्याच बायका होत्या, म्हणून एवढं साधलं. पण ओवी हे घडवलेलं बोलणं आहे. यमक जुळलेलं, पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेलं. माझ्या भावाने मला अमुक साली नेमकं काय म्हटलं, हे ओवीत येत नाही.

धडगावच्या अगदी जवळचं काम नंदिनी ओझा यांचं. सरदार सरोवर धरणाखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येतात, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सगळी आदिवासी. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ चा. त्यानंतरची दोन-तीन दशकं या गावांनी मोजणी, नोटिसा, सत्याग्रह, पोलीस, पाण्यात उभं राहणं आणि पुनर्वसन यांत घालवली. ओझा नर्मदा बचाओ आंदोलनात दशकभर पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या. पुढे त्यांनी रेकॉर्डर घेऊन खोऱ्यातल्या माणसांकडे पुन्हा जायला सुरुवात केली आणि अनेक भाषांत मिळून शेकडो तासांचं बोलणं टिपलं. त्यातून ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने २०१७ साली काढलं. केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे या बुडीत क्षेत्रातल्या दोन आदिवासी नेत्यांनी सांगितलेली हकिकत हा त्याचा गाभा आहे. २०२२ साली ते इंग्रजीतही आलं.

त्या पुस्तकाचं सामर्थ्य कशात आहे? विचारणारी बाई पाहुणी नव्हती. तिने या लोकांबरोबर वर्षानुवर्षं भाकरी खाल्ली होती, मोर्च्यात चालली होती. समोरच्याला काय ठाऊक आहे आणि काय सांगावं लागेल, याचा अंदाज बोलणाऱ्याला होता, म्हणून बोलणं आकडे आणि घोषणांवर थांबलं नाही. धरणाच्या आधीचं जगणं त्यात आलं, जंगल आलं, नदी आली, आपसातले व्यवहार आले. मौखिक इतिहास म्हणजे पांढरपेशा संशोधकाने टेपरेकॉर्डर लावून घेतलेली मुलाखत, अशी एक समजूत आहे. हे काम ती समजूत खोडून काढतं. ओळख किती जुनी आहे यावर आवाज किती मोकळा होईल हे ठरतं.

तरीही लढ्याचा इतिहास विचारायला बसलं की बोलणं लढ्याभोवतीच फिरणार. केशवभाऊंसारखा माणूस संध्याकाळी आपल्या भावाशी आपल्या भाषेत बसला की काय बोलत असेल, ते वेगळं. तिथे धरण मधूनच येईल, म्हशीच्या औषधाच्या आधी किंवा भाच्याच्या सोयरिकीच्या नंतर. आणि बुडितातल्या कुटुंबांच्या बाबतीत नेमकं हेच बोलणं टिपायची घाई आहे. काही घरं तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत उतरली, काही डोंगरातच वर सरकली. एकाच गावचे, एकाच कुळाचे लोक आता एसटीच्या अंतरावर आले. पूर्वी शेतात ‘लाह’ व्हायची. म्हणजे आज सगळ्यांनी एकाच्या शेतावर कामाला जायचं, उद्या दुसऱ्याच्या. कोण कुणाच्या लाहेला जायचं, कोण मुद्दाम जायचं नाही, यावरून गावातली नाती कळायची. कोणतं शेत कुणाचं, कोणता महू कुणाच्या वाट्याचा, नदी उतरायची वाट कुठून, हे सात-बाऱ्यावर पुरतं कधीच आलं नाही. दोन भाऊ जुन्या भांडणाविषयी बोलतात तेव्हा ते अनायासे येतं: तू त्या खडकाच्या वरची जागा घेतलीस, मला नाल्याकडची दिलीस. आज तो खडकही पाण्याखाली, नालाही. भांडण मात्र शिल्लक आहे, आणि त्या भांडणातच गावाचा नकाशा उरला आहे.

घरातलं बोलणं टिपून ठेवावं ही कल्पना यंत्राइतकीच जुनी आहे. थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग सांगणारा लेख लिहिला. त्या यादीत कुटुंबातल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवणं हाही एक उपयोग होता. प्रत्यक्षात यंत्र गाण्याच्या धंद्यात गेलं आणि घरचा आवाज मागे राहिला. अमेरिकेत डेव्ह आयसे यांनी २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक लहानशी खोली उभारली आणि ‘स्टोरीकोर’ सुरू केलं. नियम साधा. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं आत जातात, चाळीस मिनिटं बोलतात. आई-मुलगी, जुने मित्र, नवरा-बायको. त्यांनी परवानगी दिली तर एक प्रत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या लोकजीवन केंद्रात जाते. तिथे प्रश्न पत्रकार विचारत नाही, नात्यातलं माणूस विचारतं. त्यामुळे एरवी कुणी विचारलं नसतं ते विचारलं जातं.

नात्यातल्या माणसाने विचारल्याने एवढा काय फरक पडतो? याचं उत्तर देणारं एक सबंध शास्त्र आहे. १९६० च्या दशकात हार्वी सॅक्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉस एंजलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्राच्या टेलिफोन संभाषणांची ध्वनिमुद्रणं ऐकत होता. ऐकता ऐकता त्याला जाणवलं की माणसांचं साधं, विस्कळीत वाटणारं बोलणं आतून काटेकोर असतं. कुणी कधी बोलायचं, कधी थांबायचं, अडलं तर कुणी सावरायचं, याचे नियम सगळे पाळतात आणि कुणालाच ते सांगता येत नाहीत. सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात बोलण्याच्या पाळ्यांवर लेख लिहिला. संभाषणाच्या अभ्यासाचा तो पाया मानतात. पुढे २००९ साली पाच खंडांतल्या दहा भाषांची तुलना झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा निघालं. जपानी लोक जवळजवळ अंतर न ठेवता बोलतात, डॅनिश त्यांच्यापेक्षा सावकाश. पण फरक अर्ध्या सेकंदाच्या आतला. साधा एक शब्द मनात शोधून तोंडावर आणायला त्या सरासरी अंतराच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार हे ताडतो आणि उत्तर जुळवायला घेतो. चाळीस वर्षं एका चुलीपुढे बसलेल्या दोन जावांना हे ताडणं किती सोपं असेल, आणि परक्या भाषेत प्रश्न विचारणाऱ्या परक्या माणसापुढे किती अवघड! त्या दहा भाषांत भारतातली एकही नव्हती. पावरीत दोन बाया किती अंतर ठेवून बोलतात, हे टिपलेल्या गप्पा असतील तरच मोजता येईल.

हे जवळून पाहू. समजा, धडगावजवळच्या एका पाड्यावर कॉलेजात शिकणारी नात आजीपुढे फोन ठेवते आणि वहीतला प्रश्न वाचते: “तुझं लग्न कधी झालं?” आजी म्हणते, “लहान होते तेव्हा.” संपलं. पुढचा प्रश्न, तसंच उत्तर. तेवढ्यात आजीची नणंद येते, खाटेवर टेकते आणि विषय तिच्या कानावर पडतो. मग देजाची गोष्ट निघते. देज म्हणजे मुलीच्या घरी द्यायची रक्कम आणि जिन्नस. किती ठरलं, किती दिलं आणि किती राहिलं, हे दोन्ही घरांना जन्मभर पाठ असतं. जेफरसनबाईंनी शिकवलेल्या पद्धतीने, म्हणजे थांबणं आणि एकमेकांवर चढणारे शब्द सोडून न देता, ते बोलणं मराठीत उतरवलं तर काहीसं असं दिसेल:

आजी: मला काय माहीत. (दोन सेकंद थांबते) बैल दिला होता.
नणंद: बैल कुठला, [गोऱ्हा.
आजी: [गोऱ्हा. हां. गोऱ्हा.
नणंद: तोही लंगडा.
(दोघी हसतात)
आजी: तुझ्या भावाने काय बघून घेतला कोण जाणे.

चौकोनी कंसापाशी दोघींच्या तोंडून एकाच वेळी ‘गोऱ्हा’ निघाला. आजीला तो शब्द ठाऊकच होता. नणंदेपुढे तो लपवता आला नाही. दोन सेकंदांचं थांबणं म्हणजे नातीपुढे हे बोलावं की नाही याचा विचार. आणि शेवटच्या वाक्यात नवऱ्याला ‘तुझा भाऊ’ म्हटल्याबरोबर पन्नास वर्षांचं नातं डोळ्यांपुढे येतं. वहीतल्या प्रश्नावलीत यातलं काही उतरलं नसतं. एवढ्यावरून साल विचारलं तर कदाचित मिळेलही: जमीन मोजायला साहेब आले होते त्या वर्षी, किंवा मोठा पूर आला त्याच्या आधीचं. कॅलेंडरपेक्षा हे साल जास्त उपयोगाचं असतं, कारण त्याला पुढचे प्रश्न लोंबकळत असतात.

बाहेरच्यांनी आपल्याविषयी सांगितलेली गोष्ट आणि घरात चाललेली गोष्ट यांत किती अंतर पडतं, हे भोंगऱ्या बाजाराच्या बाबतीत दरवर्षी दिसतं. होळीच्या आधीचा हा बाजार. होळीसाठीची खरेदी, ढोल, बासऱ्या, दूरच्या नातेवाइकांच्या भेटी. वर्तमानपत्रांनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला तरुण-तरुणींच्या जोड्या जुळवण्याचा, पळून जाण्याचा उत्सव करून टाकलं. आदिवासी संघटना, तरुण आणि लिहिणारी मंडळी या वर्णनाला वर्षानुवर्षं हरकत घेत आली आहेत. हरकतीच्या पत्रकापेक्षा परिणामकारक ठरेल ते चार म्हाताऱ्यांचं बोलणं: त्या काळी भोंगऱ्याला कुणाबरोबर चालत गेलात, काय विकायला नेलंत, काय घेऊन आलात, माहेरचं कोण भेटलं, रडलात का. लग्नं कशी ठरत, पळून गेलेल्या जोडप्याचं पंच काय करत, दंड किती बसे, हेही त्यात येईल. पण आपल्या जागी आणि आपल्या प्रमाणात.

आता एका अवघड बाबीकडे. फोनने बोलणं टिपणं सोपं केलं तसं चोरून टिपणंही सोपं केलं. नवरा-बायकोच्या भांडणात कॉल रेकॉर्डिंग हे हत्यार झालं आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका वैवाहिक खटल्यात असं ठरवलं की जोडीदाराचं गुपचूप टिपलेलं बोलणं पुरावा म्हणून दाखल करता येईल. पती-पत्नींमधला वाद न्यायालयात गेल्यावर काय चालेल, एवढ्यापुरता तो निकाल आहे. तेवढ्यावरून आजीचं बोलणं तिच्या नकळत टिपायला कुणी मोकळा होत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून घरगुती कामासाठी केलेला वापर वगळला आहे. मात्र तेच बोलणं नेटवर टाकलं की ते घरगुती राहत नाही. पण कायद्याआधी नातं येतं. पाड्यावर सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. थट्टेत निघालेला लंगड्या गोऱ्ह्याचा विषय आजीच्या माहेरच्या ग्रुपवर गेला तर दोन घरांत पंच बसतील. म्हणून फोन उशीखाली दडवायचा नाही, मधोमध ठेवायचा. पाच-दहा मिनिटांत लोक त्याला विसरतात. तो आहे हे मात्र त्यांना ठाऊक असतं, आणि हा फरक मोठा आहे.

परवानगी दोनदा घ्यावी. सुरू करताना घेतलेली परवानगी अर्धीच असते, कारण आपण काय बोलणार आहोत हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. खरा प्रश्न शेवटी: यातलं कोणी ऐकलं तर चालेल? मुलांनी ऐकलं तर चालेल, सुनेने नको. मी असेपर्यंत नको, मग चालेल. हा एवढा भाग पुसून टाक. अशी उत्तरं येतात आणि ती तशीच्या तशी त्याच ध्वनिमुद्रणात राहू द्यावीत. वीस वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला कुणाचा शब्द पाळायचा हे बोलणाऱ्याच्याच आवाजात कळेल.

बाकीची तयारी फारशी लागत नाही. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात टिपायला बसू नये. सरीच्या आवाजात सगळं वाहून जातं. कौलारू घरात, कुडाच्या भिंतींच्या आत आवाज चांगला येतो, कारण तो आदळून घुमत नाही. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, खाली घडी घातलेली गोधडी, म्हणजे खाटेची करकर माइकपर्यंत पोचत नाही. कोंबडा आरवला, मूल रडलं, कुणी हाक मारली तर थांबवू नये. घर ऐकू येतं ते त्यातूनच. जमलं तर वेव्ह फाइल ठेवावी. साध्या एकपदरी मुद्रणात ती तासाला सुमारे ३१७ एमबी जागा खाते, पण आवाजातलं काही गाळत नाही. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज आवाज आवळून पाठवतो. पाठवायला ठीक, जपायला नाही. सुरुवातीला तारीख, पाड्याचं नाव, कोण कोण बसलंय आणि ते एकमेकांचे कोण लागतात, हे त्यांच्याच भाषेत बोलून घ्यावं. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस. प्रती तीन: एक फोनमध्ये, एक कार्डावर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फोन पाण्यात पडतात, कार्डं हरवतात.

लिहून काढणं हे मात्र चिकाटीचं काम. दोन-तीन माणसांच्या तासाभराच्या गप्पा नीट उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. इथे एक मोह टाळायला हवा, तो लगेच शुद्ध मराठी करण्याचा. आधी पावरी असेल तर पावरी, देवनागरीत, कानाला जशी ऐकू आली तशी, तिच्याखाली मराठी. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यात राज्यातल्या आदिवासी भाषांविषयी त्या त्या भाषेच्या माणसांनी आणि जाणकारांनी लिहिलं आहे. लिहायचं कसं हे अडलं तर तिथे आधार मिळतो. एखादा शब्द कळला नाही तर जागा मोकळी सोडावी, अंदाजाने भरू नये. तो शब्द बहुधा शेताचा, झाडाचा किंवा नात्याचा असतो, आणि घरात दुसऱ्या कुणाला तरी तो ठाऊक असतो.

त्यासाठी लिहून झालं की ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकवायचं ते बोलणाऱ्यालाच. आजीला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही, ती म्हणते हे कोण बोलतंय. मग ओळखते, लाजते आणि दुरुस्त्या सुरू होतात. गोऱ्हा लंगडा नव्हता, नंतर झाला. तो तुझ्या आजोबांनी घेतला नव्हता, मामाने दिला होता, आणि मामाने का दिला ते तुला ठाऊक नाही. त्या वेळी फाइल थांबवून दुसरा फोन सुरू करावा.